डोळ्याची अँजिओग्राफी: आमच्याकडे रोज विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी पडद्याचे फोटो काढते. डॉक्टरांनी कागदावर 'अँजिओग्राफी', म्हणजे पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो, लिहून दिलं की माणूस गोंधळतो. काही जण मला विचारतात. बाकीचे घरी जाऊन शेजाऱ्याला विचारतात आणि पुढच्या तारखेला येतच नाहीत. हे पान त्या दुसऱ्या मंडळींसाठी. औषध-उपचार डॉक्टर ठरवतात, त्यात मी पडत नाही. मी सांगतेय ते मशीनच्या अलीकडचं.

अँजिओग्राफी म्हटल्यावर घरात रडारड झाली. हृदयासारखीच असते का ही?

नाही हो. हृदयाच्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा मांडीतून नळी आत सरकवतात आणि एक्स-रेखाली बघतात. इथे नळी नाही, एक्स-रे नाही, भूल नाही, ॲडमिट व्हायचं नाही. सलाईन लावताना टोचतात तेवढी एक सुई, तीही हाताला. एका प्रकारात तर तीसुद्धा नाही. डोळ्याला सुई लागत नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा कुणाला ऐकूच येत नाही.

आणि 'ब्लॉकेज निघाला तर स्टेंट टाकणार का' हाही प्रश्न येतो. डोळ्याच्या पडद्यात स्टेंट टाकत नाहीत. तिथल्या सगळ्यात बारीक केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या, म्हणजे लाल पेशी जेमतेम एकेकटी जाईल एवढ्या.

माका सगळा बरा दिसता, मगे फोटो कित्याक?

सिंधुदुर्गातून लेकीकडे आलेल्या एका आजींचा हा प्रश्न मी आहे तसा ठेवलाय, कारण सगळ्यांच्या मनातला प्रश्न हाच असतो.

आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माशाचा काटा काढतो ते पडद्याच्या मधल्या छोट्याशा ठिपक्याने. डायबेटिसमध्ये रक्तवाहिन्या बंद पडायला लागतात त्या बऱ्याचदा त्या ठिपक्यापासून लांब, कडेकडेने. तिथलं नुकसान अक्षरांच्या तक्त्यावर दिसत नाही. दुखत तर मुळीच नाही.

एकदा मासेमारी बंदीच्या दिवसांत एक तांडेल आला होता. होडी शाकारलेली, हाताला काम नाही, म्हणून बायकोने पाठवलं होतं. बारा वर्षांचा डायबेटिस. तक्त्यावरची खालची ओळ त्याने न अडखळता वाचली, ६/६. हाताच्या शिरेत रंग टोचून फोटो काढले तर कडेला काळे पट्टे, तिथे रक्त पोचतच नव्हतं. आणि त्या काळोखाच्या काठावर तीन ठिकाणी कंदील लावल्यासारखा उजेड. नव्याने उगवलेल्या कच्च्या वाहिन्यांतून रंग बाहेर झिरपत होता. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ह्यो माझोच डोळो?" त्याच आठवड्यात लेझरची पहिली बैठक झाली. त्या वाहिन्या फुटून डोळा रक्ताने भरला असता, तर तो मला नीट दिसत नाही म्हणून आला असता. पण तेव्हा रक्ताच्या आडून फोटोही नीट निघाला नसता.

डोळ्यातलं रक्त बाहेरून दिसतंच कसं?

कारण डोळ्याला खिडकी आहे. शरीरातल्या बाकी आतल्या रक्तवाहिन्या बघायला कापावं लागतं किंवा एक्स-रे, सोनोग्राफी लागते. डोळ्यात बाहुलीतून उजेड टाकला की मागच्या पडद्यावरच्या वाहिन्या सरळ दिसतात. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने त्यासाठीचं उपकरण १८५१ मध्ये जगापुढे मांडलं. डॉक्टर आजही डोळ्याजवळ धरतात ती बॅटरीसारखी वस्तू त्याचीच नात.

पडद्याला रक्त दोन बाजूंनी मिळतं. आतल्या थरांना मिळतं ते मेंदूकडे जाणाऱ्या डोळ्याच्या मुख्य नसेमधून शिरणाऱ्या एका रोहिणीतून. तिच्या फांद्या फोटोत दिसतात. बाहेरच्या थरांना मिळतं ते पडद्यामागच्या गालिच्यासारख्या जाळीतून, जिला डॉक्टर कोरॉइड म्हणतात. डोळ्याला येणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा या मागच्या गालिच्यातच जातो. आणि अगदी मधोमध, जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं, तिथे साधारण अर्धा मिलिमीटरचा गोल असा असतो की त्यात एकही केशवाहिनी नाही. वाहिन्यांची आडकाठी नको म्हणून ती मोकळी जागा. तो गोल मोठा किंवा वेडावाकडा झाला की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात.

पडद्याचा साधा फोटो काढलाय. तो पुरत नाही?

पुष्कळदा पुरतो. रक्ताचे ठिपके, पिवळे साके त्यात दिसतात. पण तो नदीचा फोटो आहे. पाणी वाहतंय की साचलंय, ते फोटोवरून कळत नाही.

रंग टोचून तुम्ही नेमकं काय करता?

आधी थेंब घालून बाहुली मोठी करतो, त्यात अर्धा तास जातो. मग हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. हाताच्या शिरेत सुई, त्यातून फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग. १० टक्क्यांचा असेल तर ५ मिली, २० टक्क्यांचा असेल तर ३ मिलीच्या आसपास, काही सेकंदांत. त्याच क्षणी मी घड्याळ सुरू करते.

दंडातून रंग हृदयात, तिथून फुप्फुसात, परत हृदयात आणि मग मानेतून वर. सुईपासून पडद्यापर्यंत साधारण १० ते १५ सेकंद. या सेकंदांत खोलीत कुणी बोलत नाही. कॅमेऱ्यातून निळा उजेड डोळ्यात जातो; रंगावर तो पडला की रंग हिरवट-पिवळा चमकतो, आणि गाळणी फक्त तेवढीच चमक कॅमेऱ्यात येऊ देते. बाकी सगळा अंधार.

आधी मागचा गालिचा ढगासारखा उजळतो. सेकंदभराने रोहिण्या पेटतात, मधून कडेकडे. मग केशवाहिन्या भरतात आणि रंग नीलांमध्ये उतरतो. तेव्हा जे दिसतं ते इतकी वर्षं बघूनही मला कंटाळा आलेला नाही. नीला एकदम भरत नाही. तिच्या दोन्ही काठांना चमकत्या रेघा येतात, मधला पट्टा काळाच राहतो. ओढा नदीला मिळतो तेव्हा त्याचं तांबडं पाणी थोडं अंतर काठाकाठानेच चालतं ना, तसं. बाजूच्या छोट्या वाहिन्यांनी आणलेला रंग काठाने वाहतो, मधला प्रवाह अजून रंगाची वाट बघत असतो. मग हळूहळू सगळं एक होतं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात भराभर फोटो, मग सावकाश, साधारण दहा मिनिटांपर्यंत. उशिराचे फोटो महत्त्वाचे, कारण गळती उशिरा स्पष्ट होते. आणि रंग पोचायलाच फार वेळ लागला तर कधी कधी गडबड डोळ्यात नसते, मानेतल्या मोठ्या रोहिणीत असते.

एकदा जुलैत रंग टोचला, मनात दहा मोजले आणि वीज गेली. इन्व्हर्टर लागला, पण कॅमेऱ्याचा संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत रंग नीलांत उतरलेला. ते पहिले सेकंद परत मिळत नाहीत. त्या काकूंना पुन्हा बोलवावं लागलं, तेही एसटीने दीड तास. चूक आमचीच, संगणकाला वेगळा बॅकअप हवा होता. आता आहे.

हा रंग कसला? कपड्यांचा?

जवळपास. अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो १८७१ मध्ये बनवला. राजापूरची गंगा, अधूनमधून वाहणारा तो झरा, कुठून येते आणि कुठे जाते, यावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या गप्पा चालतात. तसाच वाद जर्मनीत डॅन्यूब नदीबद्दल होता, कारण तिचं पाणी एका जागी जमिनीत गडप होतं. १८७७ मध्ये तिथे हाच रंग, सुमारे १० किलो, पाण्यात सोडला. अडीच दिवसांनी आख नावाच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. वाद मिटला.

माणसाच्या डोळ्यात तो पहिल्यांदा नीट वापरून फोटो काढले ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, नोव्होटनी आणि अल्विस. डोळा अल्विसचा स्वतःचा. डोळ्यांच्या मासिकाने तो लेख नाकारला, म्हणून १९६१ मध्ये तो रक्ताभिसरणाच्या 'सर्क्युलेशन' या मासिकात आला.

रंगाचा त्रास होतो का? कोळंबी खाल्ली की मला पित्त उठतं.

तासाभरात त्वचा पिवळसर दिसते. कावीळ झाली म्हणून कुणीतरी घाबरतंच, पण ती काही तासांत उतरते. लघवी दिवसभर, कधी दीड दिवस गडद पिवळी-नारिंगी होते. पाणी भरपूर प्या. सुईनंतर अर्ध्या-एक मिनिटात काहींना मळमळतं, क्वचित उलटी होते. खोल श्वास घेतला की बहुतेकांचं तिथेच थांबतं. रंग शिरेबाहेर गेला तर हात चांगलाच झोंबतो. लगेच सांगा, सहन करत बसू नका.

अंगावर गांधी उठणं, खाज येणं हे कमी जणांना होतं. श्वास लागण्याइतकी गंभीर ॲलर्जी फार विरळ, पण होऊ शकते. म्हणून जिथे ऑक्सिजन, ॲड्रेनॅलिन आणि ते देणारा माणूस खोलीजवळ नाही, तिथे रंग टोचून घेऊ नये, असं माझं मत आहे.

आता कोळंबी. किनाऱ्यावर हा प्रश्न रोजचा. लोकांना वाटतं, मासळीत आयोडीन, रंगातही आयोडीन, म्हणून चालणार नाही. कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांमुळे येते, आयोडीनमुळे नाही, आणि फ्लुओरेसिनमध्ये आयोडीन नसतंच. तरी सांगाच, कारण ज्याला कसली ना कसली ॲलर्जी आहे, दमा आहे, त्याच्यावर आम्ही जास्त लक्ष ठेवतो. याआधी याच रंगाने त्रास झाला असेल तर ते सगळ्यात आधी सांगायचं.

किडनीचा आजार असला तरी हा रंग सीटी स्कॅनच्या औषधासारखा किडनीला त्रास देणारा समजला जात नाही. पण तो लघवीवाटेच जातो, म्हणून डायलिसिस चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. गरोदर बायकांना तो शक्यतो देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही तो उतरतो, तेव्हा आधी बोला.

बिनरंगाची अँजिओग्राफी असते म्हणे?

असते, ओसीटी अँजिओग्राफी. ओसीटी म्हणजे उजेडाने केलेली सोनोग्राफी म्हणा हवं तर. पडद्याचे थर पापडासारखे एकेक दिसतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने १९९१ मध्ये ती जगासमोर आणली. तिच्यावरून पुढे रक्तप्रवाहाचं चित्र काढायची युक्ती निघाली, आणि गेल्या दहाएक वर्षांत ती दवाखान्यांत पोचली.

युक्ती साधी आहे. संध्याकाळी टेकडीवरून बंदराचा फोटो काढा. क्षणाने तिथूनच दुसरा काढा. जेटी, देऊळ, माड दोन्हींत जागच्या जागी. फरक पडला तो फक्त चालत्या होड्यांच्या जागेत. आता दोन्ही फोटो एकमेकांतून वजा करा. जेटी गेली, माड गेले, होड्यांच्या वाटा उरल्या. मशीन डोळ्यात हेच करतं. एकाच जागेचे काही हजारांश सेकंदांच्या अंतराने लागोपाठ फोटो घेतं. जे स्थिर ते पडद्याचं मांस, जे बदललं ते धावणाऱ्या लाल पेशी. काही सेकंदांत, सुईशिवाय, केशवाहिन्यांचं जाळं थराथराने वेगळं काढलेलं मिळतं. रंगाच्या फोटोत हे थर एकावर एक पडतात, ते असे सुटे होत नाहीत.

मग बिनरंगाचीच करा की! सुई कशाला?

मलाही आवडलं असतं. पण दोन्ही तपासण्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

बिनरंगाच्या चित्रात गळती दिसत नाही. पाइप आहे की नाही ते कळतं, पाइप कुठे ठिबकतोय ते नाही. शिवाय नांगरलेली होडी दोन्ही फोटोंत सारखीच दिसणार, म्हणजे ती वजा होऊन जाणार. तसंच फार मंद वाहणारं रक्त मशीनला दिसत नाही आणि तिथे काळं येतं. काळं म्हणजे बंदच, असं धरून चालत नाही. वरच्या मोठ्या वाहिनीची हलती सावली खालच्या थरावर पडते, मग नसलेली वाहिनी तिथे दिसते. आणि डोळा हलला की चित्रात पांढरे आडवे पट्टे. "बाबा, हिरव्या खुणेकडे बघा, पापणी मिटू नका" हे मी दिवसातून शंभर वेळा म्हणते, आणि शंभरातल्या निम्म्या वेळा बाबा माझ्याकडे बघतात.

चित्रात मावणारा भागही छोटा, बहुतेक ३ किंवा ६ मिलिमीटरचा चौकोन, नव्या मशीनवर त्याहून मोठा. त्या तांडेलाचे तीन कंदील ३ मिलिमीटरच्या चौकोनात कधीच आले नसते.

उलट बाजूही आहे. वारंवार तपासायचं असेल, गरोदरपण असेल, ॲलर्जी असेल किंवा उपचाराच्या इंजेक्शननंतर नव्या वाहिन्या आटल्या का एवढंच बघायचं असेल, तर बिनरंगाचीच बरी.

डॉक्टरांनी 'आयसीजी' लिहिलंय. हे आणखी काय?

दुसरा रंग, हिरवा. मागच्या गालिच्याच्या वाहिन्या मुळातच झिरपणाऱ्या, त्यामुळे फ्लुओरेसिन तिथे लगेच पसरून सगळं धुकट करतं. आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून वाहिनीतच राहतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात चमकतो, म्हणून गालिचा स्वच्छ दिसतो. मोजक्याच आजारांत लागतो. यात मात्र आयोडीन असतं, तेव्हा त्याचा त्रास असेल तर सांगा.

रक्ताचा वेग आकड्यात मिळेल का?

आमच्या मशीनवर नाही. लेझरचा उजेड धावत्या पेशींवरून परतताना किंचित बदलतो, त्यावरून वेग काढायची पद्धत रिव्हा आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवली. लेझरचे चमचमते ठिपके किती भरभर पुसट होतात त्यावरून प्रवाह मोजणारी यंत्रं जपानात वापरात आहेत. संशोधनाच्या काही कॅमेऱ्यांत तर एकेक पेशी धावताना दिसते. पण गावातल्या पेशंटच्या उपचाराला अजून तरी वेगाचा आकडा लागत नाही.

रिपोर्टमध्ये 'लीकेज' आणि 'नॉन-परफ्युजन' लिहिलंय.

पोफळीच्या बागेला पाटाने पाणी देतात तसं समजा. पाट फुटला तर भोवती चिखल, ते लीकेज. मधल्या ठिपक्याजवळ असा चिखल झाला की पडदा सुजतो आणि अक्षरं वाकडी दिसतात. पाट तुंबला तर पुढची झाडं कोरडी, ते नॉन-परफ्युजन. इथवर बाग आणि डोळा सारखे. पण बागेत तहानलेलं झाड वाळून जातं. उपाशी पडदा गप्प बसत नाही. तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडून नव्या वाहिन्या मागवतो, आणि त्या येतात त्या कच्च्या, गळक्या. डोळ्यात देतात ती इंजेक्शनं या रसायनाला अडवतात. लेझरने उपाशी भागाची मागणी कमी होते.

मोतीबिंदू पिकलाय. फोटो येईल?

धुकट काचेतून येईल तसा. पार पांढरा झाला असेल किंवा डोळ्यात रक्त भरलं असेल तर आधी सोनोग्राफी.

सकाळी उठलो तर एका डोळ्याने काहीच दिसेना. फोटोची वेळ कधी मिळेल?

वेळ घेऊ नका, निघा. दुखत नसताना एक डोळा अचानक अंधारला तर पडद्याची रोहिणी तुंबलेली असू शकते. तो डोळ्याचा पॅरालिसिसच समजा. मेंदूच्या झटक्यासारखेच काही तास हातात असतात. जिथे झटक्याचे उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयात जा, अँजिओग्राफी नंतर बघू. थोड्या वेळाने परत दिसायला लागलं तरी जा. "गणपतीत मुलगा मुंबईहून येईल, मग दाखवू" हे मी ऐकलंय.

येताना काय तयारी? उपाशी यायचं का?

उपाशी नको, विशेषतः डायबेटिस असेल तर. हलकं खाऊन या, भरपेट जेवून नको. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या नसतील तर घ्या. जुने फोटो, रिपोर्ट आणा.

सगळीकडे सगळी यंत्रं नाहीत. सावंतवाडी-कुडाळकडचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीचे आंबा घाटातून कोल्हापूरला, चिपळूण-खेडचे मुंबई-पुण्याला. निघण्याआधी फोन करून विचारा: रंगाची करता की बिनरंगाची, रंगाची आज होईल का, आणि डॉक्टर त्याच दिवशी बघून सांगतील का. एवढं विचारलं तर एक फेरी वाचते.

बरोबर कुणालातरी आणाच. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाने डोळे दिपतात. दुपारी मोठ्या बाहुल्यांनी मोटारसायकलवरून घाट उतरायचा नाही. एक जण असा निघाला होता, गेटजवळच्या माडावर आदळून परत आला. सुदैवाने गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.

बॅटरी मारली तेव्हा मला झाडाच्या फांद्या दिसल्या. भास झाला का?

तुमच्याच रक्तवाहिन्यांची सावली होती ती. एरवी ती सावली एकाच जागी असते म्हणून मेंदू तिच्याकडे लक्ष देत नाही. उजेड तिरका हलला की सावली हलते आणि दिसते. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी याचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे.

घरबसल्या आपलं रक्त वाहताना बघता येतं का?

येतं, आणि मशीनशिवाय. पाऊस ओसरल्यावर आकाश निळंभोर झालं की समुद्राकडे तोंड करून सूर्यापासून दूरच्या निळ्या भागाकडे एकटक बघा. सूर्याकडे चुकूनही नाही. थोड्या वेळाने बारीक चमकते ठिपके वळवळत धावताना दिसतील, बेडकाच्या पिलांसारखे, ठरावीक वाटांनी. लाल पेशी निळा उजेड शोषतात. मधूनच पांढरी पेशी येते, ती उजेड जाऊ देते, आणि तिची चमक आपल्याला दिसते. नजरेच्या अगदी मधोमध मात्र एकही ठिपका येत नाही, कारण तिथे केशवाहिन्याच नाहीत.

डोळा फिरवला की तरंगत मागे येणारे काळे धागे, जाळी हे वेगळं. ते डोळ्यातल्या जेलीचे. ते एकदम खूप वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

चमकते ठिपके सापडले की मनगटावर बोट ठेवा. नाडीच्या ठोक्याबरोबर ते किंचित पुढे उसळतात.